फिनेलची बादली, रस्त्यातला डबा आणि 'अंधाधुन'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'अंधाधुन'वर एका वाचकाचं पत्र छापलंत, ते वाचता वाचता आमच्याकडे सकाळचा चहा दोनदा गार झाला. त्यांचं म्हणणं असं की सव्वादोन तास माणसाला खुर्चीत बसवायचं, पडद्यावर धडाधड माणसं मारायची आणि शेवटी खरं काय घडलं ते सांगायचंच नाही, ही सरळसरळ फसवणूक आहे, डायरेक्टरचा आळस आहे, आणि अशा पिक्चरला नॅशनल अवॉर्ड देणाऱ्यांचे डोळे तपासून घ्यायला हवेत. आता डोळे तपासायचा विषय त्यांनीच काढला म्हणून मी लिहायला बसले. पुण्यातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात तपासणीच्या खोलीत माझी एकतीस वर्षं गेली, रिटायर होऊनही आता काही वर्षं झाली, आणि ह्या पिक्चरबद्दल माझं जे म्हणणं आहे ते घरात, सोसायटीच्या ग्रुपवर आणि भिशीत सांगून झालंय, आता फक्त तुमचा पेपर राहिलाय.

ज्यांनी अजून बघितला नसेल त्यांनी इथंच थांबा, पुढे सगळा शेवट फुटणार आहे. (फुटायला आधी शेवट असावा लागतो, असं आमचे हे आत्ता मागून वाचत म्हणतायत. असो.)

५ ऑक्टोबर २०१८ ला पिक्चर लागला, आम्ही एक-दोन आठवड्यांनी गेलो, मी, हे, मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं त्याच उन्हाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना इतकं लख्ख दिसायला लागलं होतं की माझ्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातली जळमटंसुद्धा त्या पलंगावरून मोजायच्या. तर पुणेकरांना एक गंमत आधीच, पिक्चर पुण्यात घडतो, बनवणारे श्रीराम राघवन आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, ज्याचा खून होतो तो प्रमोद सिन्हा म्हणजे अनिल धवन तेही तिथलेच. आणि हा प्रमोद सिन्हा एकेकाळचा हिरो दाखवलाय, तो घरी बसून स्वतःचीच जुनी गाणी बघत असतो, आणि ती गाणी खरोखरच अनिल धवनची सत्तरच्या दशकातली. त्यात 'पिया का घर'मधलं 'ये जीवन है' लागलं आणि सासूबाई थेटरात मोठ्यांदा म्हणाल्या, अगं हा तर 'मुंबईचा जावई'! बरोबरच आहे, राजा ठाकूरांच्या त्या १९७० च्या मराठी पिक्चरवरूनच बासू चटर्जींनी १९७२ मध्ये हिंदी केला होता. पुढच्या रांगेतला एक जण वळून बघायला लागला, मी त्याला सॉरी म्हणलं.

विसरलेल्यांसाठी थोडक्यात गोष्ट. आकाश पियानो वाजवतो आणि आंधळा असल्याचं सोंग करतो, का तर म्हणे त्यानं संगीतात लक्ष लागतं. ह्या प्रमोद सिन्हाला लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला सरप्राईज म्हणून घरी पियानो ऐकवायचा असतो, तो आकाशला बोलावतो. आकाश दारात उभा, दार उघडते तब्बू, म्हणजे सिमी. आत नवरा मरून पडलाय, मारणारा तिचा यार बाथरूममध्ये, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या डीसा काकू आपल्या दारातून टकामका बघतायत. आंधळ्या पोराला परत पाठवलं तर काकूंना संशय येणार, मग ये बाबा आत, वाजव.

आणि मग जे होतं त्यासाठी मी हा पिक्चर सहा वेळा बघितलाय. आकाश पियानोपाशी बसतो, बाथरूमला जायच्या निमित्तानं त्याला मढं दिसतं, लपलेला माणूस दिसतो, त्याच्या हातातली बंदूक दिसते, आणि हा परत येऊन पियानो वाजवायला लागतो. मागे ते दोघं चपला न वाजवता, तोंडातून शब्द न काढता, खुणा करत मढं बॅगेत कोंबतायत, रक्त पुसतायत, आणि हा वाजवतोय. पडद्यावर कोणी काही बोलत नाही. थेटरात लोक हसत होते आणि हसताना घाबरतही होते, माझ्या शेजारच्या बाईनं पॉपकॉर्नचा हात तसाच तोंडाजवळ धरून ठेवलेला मी बघितला. दिसतंय आणि बघायचं नाही, मान वळवायची नाही, नजर एका जागी मेल्यासारखी ठेवायची, बोटं मात्र चुकू द्यायची नाहीत. हे किती अवघड आहे ते मला विचारा.

कारण माझ्या नोकरीत आंधळ्याचं सोंग करणारी माणसं दर महिन्याला एखाददुसरी यायचीच. कुणाला अपंगत्वाचा दाखला हवा असायचा, कुणाला कोर्टात नुकसानभरपाई, एखाद्या पोराला नुसती परीक्षा चुकवायची असायची. त्यांना पकडायच्या युक्त्या असतात आणि त्या काही फार भारी मशिनच्या नाहीत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक ड्रम असतो, तो डोळ्यासमोर फिरवला की दिसणाऱ्याचे डोळे पट्ट्यांमागे आपोआप पळतात, थांबवू म्हणलं तरी थांबवता येत नाहीत. चेहऱ्यासमोर आरसा धरून हळूच कलता केला तरी तेच होतं. सगळ्यात मजा येते ती साध्या गोष्टीत, माणसाला सांगायचं की दोन्ही हातांची तर्जनी एकमेकींना टेकवा. खरा आंधळा पटकन टेकवतो, कारण आपली बोटं कुठंयत ते कळायला डोळे लागतच नाहीत, आणि सोंगाड्या मुद्दाम चुकवतो कारण त्याला वाटतं आंधळ्याला हे जमत नसणार! सही करायला सांगितली तरी तसंच, खरा आंधळा झालेला माणूस सवयीनं सही ठोकून मोकळा होतो आणि सोंगाड्या पानाबाहेर रेघोट्या ओढतो. तब्बू आकाशची परीक्षा घेते ती भेडसावून, शेवटी तर बंदूकच रोखून. बाई, एवढं कशाला, बोटं टेकवायला सांगायचं होतंस!

एक गृहस्थ तर सगळ्या परीक्षांना पुरून उरले होते, कुठून तरी शिकूनच आले असावेत. दोन्ही डोळ्यांनी काही म्हणजे काही दिसत नाही म्हणाले, आमचे डॉक्टरही जरा गोंधळले. त्यांना भावाचा हात धरून पॅसेजमधून दुसऱ्या खोलीत न्यायचं होतं आणि पॅसेजमध्ये आमच्या मावशींनी फिनेलच्या पाण्याची बादली तशीच मध्ये ठेवलेली. गृहस्थ चालत आले, बादलीला बेतानं वळसा घातला आणि पुढे गेले. भाऊ मात्र बादलीला अडखळला. मी काही बोलले नाही, केसपेपरवर लिहिलं फक्त.

तर आता तुम्हाला कळेल की पिक्चरच्या अगदी शेवटी, परदेशात, आंधळ्याची काठी घेऊन निघालेला आकाश रस्त्यात पडलेला डबा काठीनं टोलवतो तेव्हा सगळं थेटर 'ऑ' करून गप्प बसलेलं असताना मी एकटीच का खो खो हसत होते. मला ती बादली आठवली. आमचे हे चिडले होते, म्हणाले हसतेस काय, ह्याला काय अर्थ आहे. आणि तिथून जे भांडण सुरू झालं ते पार्किंगमध्ये, मग भेळ खाताना, मग घरी, आणि तुमच्या पुरवणीच्या कृपेनं आता परत.

आमच्याकडे तीन पक्ष आहेत. ह्यांचा पक्ष असा की आकाश खरोखर आंधळा झाला होता, सिमीनं प्रसादातून दिलेल्या औषधानं, आणि पुढे अवयव विकणाऱ्या डॉक्टर स्वामीबरोबर मिळून त्यानं सिमीला मारली, तिचे डोळे स्वतःला बसवून घेतले आणि मैत्रीण सोफीला, म्हणजे राधिका आपटेला, थापा मारल्या की मी कसा दयाळू, मी तिला सोडून द्या म्हणत होतो. बहुतेक लोकांना असंच वाटतं. मुलीचा पक्ष असा की तो कधी आंधळा झालाच नव्हता, अख्खा वेळ सोंगच होतं. सासूबाईंचा पक्ष शेवटी सांगते. आणखीही एक म्हणणं सोसायटीत आहे की डबा काय, चालताना काठी लागूनही उडेल, आंधळ्याची काठी रस्त्यावर फिरतेच की. ह्यावर माझं एकच उत्तर, काठी घेऊन चालायला शिकवतात ते मी पुष्कळ वेळा बघितलंय, काठीचं टोक जमिनीलगत डावीकडे-उजवीकडे हलकं फिरवत जायचं, पाय पडायच्या आधी जागा चाचपायची. आकाश तसं करत नाही, तो नेम धरतो आणि टोला हाणतो, शिवाजी पार्कवरची पोरं हाणतात तसा. त्याला दिसतंय, हा मुद्दा संपला.

पण ह्यांच्या पक्षाला माझा विरोध आहे आणि तो धंद्यातला आहे. डोळे बसवले डोळे बसवले असं जे लोक म्हणतात ना, अख्खा डोळा काढून कोणाला बसवताच येत नाही, बसवतात तो कॉर्निया, डोळ्यावरची घड्याळाच्या काचेसारखी पारदर्शक चकती. ७ डिसेंबर १९०५ ला एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरनं मोरावियातल्या ओलोमोउत्स गावात पहिल्यांदा ते यशस्वी केलं, आणि तो पेशंट चुन्यानं डोळे भाजलेला मजूर होता. चुन्यानं ती काच पांढरी होते, ती बदलली की दिसतं. आपल्याकडे तंबाखूवाल्यांच्या चुन्याच्या पुडीशी खेळताना लहान मुलांचे डोळे जातात तेही असंच. पण पोटातून विष गेलं आणि नजर गेली तर सहसा काच शाबूत असते, जळते ती डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस. विषारी दारूनं माणसं आंधळी होतात ती ह्याच कारणानं, २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं मेली तसल्या दारूनं. अशा माणसाला जगातला कुठलाही कॉर्निया बसवा, काही उपयोग नाही, टीव्हीची वायर जळाली असताना पुढची काच बदलल्यासारखं आहे. म्हणजे प्रसाद खाऊन आंधळा झालेल्या आकाशला सिमीचे डोळे घेऊन दिसायला लागणं मला पटत नाही. त्याला दिसत असेल तर एक तर औषधाचा असर उतरला, नाहीतर मुलगी म्हणते ते.

अजून ऐका. डॉक्टर स्वामी म्हणतो की सिमीचा रक्तगट दुर्मिळ, एबी निगेटिव्ह, आणि एका शेखच्या मुलीला तसंच लिव्हर पाहिजे, कोटीकोटी रुपये मिळतील, वर सिमीचे डोळे तुला बसवू. आता रक्तगटाचं साधं गणित असं की एबीवाल्याला कोणाचंही चालतं, ओ असो, ए असो, बी असो, अडचण असते ती ओवाल्याची. लिव्हरसाठी तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह फारसं बघतही नाहीत. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरींना हे पाठ असतं. ज्या मुलीला कोणाचंही लिव्हर चालेल तिच्यासाठी हा अवयव विकणारा डॉक्टर पुण्याहून एक बाई डिकीत घालून का चाललाय? आणि कॉर्नियाला तर बहुतेक वेळा रक्तगट जुळवायचीही गरज नसते.

हे सगळं मी मांडलं तेव्हा हे म्हणाले, तू पिक्चर बघतेस का केसपेपर लिहितेस. मुलगी म्हणाली, आई, रायटरनं गूगल केलं नसेल एवढंच. असेलही. ही साधी शक्यता मला मान्य आहे, फक्त आवडत नाही.

मला जे वाटतं ते असं. ह्या सगळ्या वैद्यकीय चुका कोणाच्या तोंडी शोभतील? जो डॉक्टर नाही त्याच्या. पियानो वाजवणाऱ्या पोराच्या. शेवटी कॅफेत बसून सोफीला गोष्ट कोण सांगतंय? आकाश. तो सांगतो की वाटेत सिमी सुटली, तिनं डॉक्टरला मारलं, स्वतः गाडी चालवायला लागली, मला उतरवलं आणि मग माझ्याच अंगावर गाडी घालायला वळवली, इतक्यात शिकाऱ्याची गोळी चुकवून एक ससा उडाला, काचेवर आदळला आणि गाडी उलटली. ससा! आणि तो एका डोळ्यानं आंधळा ससा. एवढी माणसं मेली त्यात आकाशच्या हातून कोणी मेलं नाही, शेवटचं पापही सशाच्या अंगावर. पोलीस चौकीत असलं स्टेटमेंट कोणी दिलं तर हवालदारही पेन खाली ठेवेल. आणि सोफी ते सगळं ऐकून उलट म्हणते की तू डॉक्टरचं ऐकायला हवं होतंस, म्हणजे ऐकणारीही काही कमी नाही.

मुलगी इथं म्हणते की डॉक्टरची ऑफर तर कॅफेच्या आधी दाखवलीय, ती आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, ती आकाशची थाप कशी? बरोबर प्रश्न आहे. पण मग पिक्चरची पहिली दोन मिनिटं आठवा. अजून आकाश नाही, पियानो नाही, खून नाही, कोबीचं शेत आहे आणि त्यात तोच एका डोळ्याचा ससा आणि त्याच्यामागे शिकारी. ससा पहिल्यापासून हजर आहे. ससा जर आकाशनं रचलेला असेल तर पहिल्या शॉटपासूनच गोष्ट तो सांगतोय, आपण सगळा वेळ त्या कॅफेतल्या सोफीच्या खुर्चीत बसलोय आणि आपल्याला पत्ताच नाही. त्याच्या हातातल्या काठीची मूठसुद्धा सशाच्या तोंडाची आहे, जरा थांबवून बघा. आणि सुरुवातीलाच पडद्यावर इंग्रजीत कोटी येते की आयुष्य म्हणजे काय, तर ते लिव्हरवर अवलंबून आहे, म्हणजे जगणाऱ्यावर आणि यकृतावर दोन्ही. डायरेक्टरनं पत्ते टेबलावर उघडे टाकून ठेवलेत, आपण वर पंख्याकडे बघत होतो.

म्हणून तुमच्या वाचकांनी आळस हा शब्द वापरला तो मला फार लागला. त्यांचा राग मी समजू शकते, आपण बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेली माणसं, हजारावर पुस्तकं लिहिली त्या माणसानं, त्यांचा हिरो झुंजार आला की शेवटच्या चार पानांत सगळं उलगडणार, खुनी हातकड्यांत जाणार आणि आपण पुस्तक लायब्ररीत परत करणार. रहस्यकथा म्हणजे एक व्यवहार असतो, तुम्ही वेळ द्या, आम्ही उत्तर देऊ. पण ह्या निओ-न्वार म्हणतात त्या, म्हणजे काळोख्या गुन्हेकथांच्या, जातीच्या पिक्चरांत तो व्यवहारच नसतो. इथं खून कोणी केला हे तर तुम्हाला अर्ध्या तासातच कळतं, इन्स्पेक्टर मनोहरनं, आणि आकाश तक्रार द्यायला पोलीस चौकीत जातो तर समोर तोच खुनी वर्दी घालून बसलेला, मग हा बिचारा म्हणतो माझी मांजर मारली हो कोणीतरी. रहस्य आहे ते बघितलेल्याचं पुढे माणूस काय करतो, ह्याचं. त्याला झुंजार काय करणार?

आणि शेवट उघडा ठेवायची कल्पना राघवनांना आळसातून सुचलेली नाही, मूळ बियाणंच तसं आहे. २०१० ची एक फ्रेंच शॉर्ट फिल्म आहे, 'लाकॉर्दर' म्हणजे पियानो जुळवणारा, ऑलिव्हिये त्रेनेर ह्यांची, जेमतेम चौदा मिनिटांची, तिला तिकडचं सेझार पारितोषिकही मिळालंय. त्यातही आंधळ्याचं सोंग करणारा तरुण, तोही नको त्या घरात शिरतो. ती संपते तेव्हा तो पियानो वाजवतोय, खुनी बाई त्याच्या पाठीशी खिळे ठोकायची बंदूक घेऊन उभी आहे, आणि काळोख. वाचला का मेला काही सांगत नाहीत. राघवनांनी त्या चौदा मिनिटांवर अख्खं पुणं उभं केलं आणि प्रश्नाची जागा तेवढी बदलली, वाचला का मेला ऐवजी खरं बोलतोय का खोटं. ६६ व्या नॅशनल अवॉर्डमध्ये ह्याला उत्तम रूपांतरित पटकथेचं पारितोषिक मिळालं ते ह्याचंच, शिवाय उत्तम हिंदी चित्रपट आणि आकाश झालेल्या आयुष्मान खुरानाला विकी कौशलबरोबर उत्तम अभिनेता. चीनमध्ये एप्रिल २०१९ ला 'पियानो प्लेअर' नावानं लागला आणि तीनशे कोटींच्या वर धंदा केला. तेलुगू, मल्याळम, तमिळ अशा तीन भाषांत परत बनवला. उत्तर नसलेलं कोडं इतक्या लोकांनी पैसे देऊन सोडवायला घेतलंय, सगळेच फसलेत असं मानायचं तर फसवणाऱ्याला एक अवॉर्ड अजून द्यायला हवं.

आता मी काही आंधळी भक्त नाही. (ही कोटी मुद्दाम नाही, लिहून झाल्यावर लक्षात आली, राहू दे.) मध्यंतरानंतर किडनीवाल्यांचं प्रकरण सुरू होतं तिथं पिक्चर जरा कलकलाट करतो, एकामागून एक माणूस ब्लॅकमेल करायला लागतो, पैशाची बॅग, लिफ्ट, गोळ्या, मलाही दर वेळी तिथं उठून गॅस बघून यावंसं वाटतं. मनोहरसारखा पोलीस इतक्या बावळटासारखा लिफ्टमध्ये अडकतो ते पटत नाही. पण त्या गोंधळातही छाया कदमची मावशी आहे ना, ती तोंड उघडते आणि एकदम खरं पुणं पडद्यावर येतं, त्या बाईला कोणाबद्दल राग नाही, लोभ आहे आणि तोही अगदी घरगुती मापाचा. अश्विनी काळसेकर मनोहरची बायको म्हणून दोन-तीन सीनमध्ये येते आणि नवऱ्याकडे अशी बघते की पुढचं सगळं तिला आधीच कळलंय असं वाटतं. आणि तो बंडू, शेजारचं कार्टं, आकाशला दिसतं हे सगळ्यात आधी त्यालाच संशयानं हेरता येतं, मोबाईलवर शूटिंग करून मोकळा. सोंग पकडायला मोठी माणसं कमी पडतात, हे मी एकतीस वर्षांत शिकले, पोरं बरोबर पकडतात. वॉर्डात एखाद्या सोंगाड्यापुढे त्याचाच नातू सोडला की काम व्हायचं.

तब्बूबद्दल तर काय लिहू. सुरुवातीला ती खेकडे करताना दाखवलीय, जिवंत खेकडे आधी फ्रीजरमध्ये टाकायचे म्हणजे ते गारठून झोपतात आणि त्यांना त्रास होत नाही. आमच्या भिशीतल्या मालवणच्या वहिनी म्हणाल्या की हे बरोबरच आहे, आम्हीही टाकतो, नाहीतर नांग्या गळतात. पण त्या बाईचा अख्खा स्वभाव त्या एका फ्रीजरमध्ये आहे, मारायचं तर आहेच पण हळुवारपणे, मनात कणव ठेवून. कुठंही ती राक्षसीण वाटत नाही. नवरा मेल्यावरचं तिचं रडणंसुद्धा मला संपूर्ण खोटं वाटलं नाही, आणि हे मी म्हणतेय, जिचा धंदाच खोटं ओळखायचा होता.

माझी नोकरीतली एक तक्रार मात्र ह्या पिक्चरवर आहे. डोळे काढून घेतात ह्या भीतीचा आधीच आपल्याकडे सुळसुळाट. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, आम्ही टेबल टाकून बसायचो आणि निम्मे लोक विचारायचे की फॉर्म भरला तर जिवंतपणी काढणार नाही ना, पुढच्या जन्मी आंधळं जन्माला येणार नाही ना. अहो, मेल्यावर साधारण सहा तासांच्या आत घेतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम, चेहरा विद्रूप होत नाही, आणि एका माणसाच्या दोन कॉर्नियांनी दोघांना दिसू शकतं. पिक्चर आल्यानंतरच्या पंधरवड्यात एक कॉलेजचा मुलगा मला म्हणाला, मॅडम, अंधाधुनमध्ये दाखवलंय तसं असतं का. मी त्याला वर लिहिलेलं सगळं वीस मिनिटं समजावलं, टीव्हीच्या वायरीसकट. त्यानं ऐकून घेतलं, फॉर्म भरला आणि जाता जाता म्हणाला, म्हणजे मॅडम त्यानं सिमीला मारलं नाही तर. मी म्हणलं, तसं मी म्हणाले नाही.

कारण ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. त्यानं डोळे घेतले नाहीत एवढं मी सांगू शकते, पण त्यानं मारलं नाही असं कुठं सिद्ध होतं? उलट दिसत असून जो आंधळा राहू शकतो, मढ्याशेजारी बसून सूर चुकू देत नाही, त्याला निर्जन रस्त्यावर काय अवघड. चौथ्यांदा बघताना मला तो निरपराध वाटला, पाचव्यांदा पक्का खुनी. सहाव्यांदा मी शेवट यायच्या आधी झोपले.

आता सासूबाईंचा पक्ष. त्या रात्री भेळ खाता खाता आमचं तिघांचं भांडण ऐकून घेतलं त्यांनी आणि म्हणाल्या, तुम्ही सगळे त्या पोराला दिसतं का नाही ह्यावर भांडताय, आणि तो प्रमोद सिन्हा मेलाय त्याचं कोणाला काही आहे का? चांगला माणूस होता, बायकोला गाणं ऐकवायला निघाला होता. मग थोडं थांबून म्हणाल्या, 'मुंबईचा जावई' परत कुठं बघायला मिळेल का गं. मुलीनं तिथंच मोबाईलवर शोधायला घेतलं आणि आमचं भांडण त्या रात्रीपुरतं मिटलं.

कळावे,
आपली,
एक निवृत्त नेत्र तपासनीस, पुणे

ता. क. : डीसा काकूंच्या बाजूनं आजवर कोणीच पत्र लिहिलेलं दिसत नाही. सबंध पिक्चरमध्ये फक्त त्या एकट्यांनी जे बघितलं ते जसंच्या तसं पोलिसांना सांगितलं आणि त्यांनाच इमारतीवरून ढकलून दिलं. आमच्या समोरच्या काकू पिक्चर बघून आल्यावर आठ दिवस दाराच्या भोकातून बघायच्या बंद झाल्या होत्या, मग परत सुरू. हे पत्र टाकायला मी आत्ता लिफ्टपाशी उभी आहे, तर त्यांच्या सेफ्टी डोअरची कडी वाजलीच.